इंडोनेशियातली जोडी

जर्मनीत रंजीता म्हणजे एका मरू घातलेल्या जंगलाचा शेवटचा आवाज आहे. जपानात तिचं गाणं लावून लोक झोपी जातात. दुबईत त्याच गाण्याला खालून ढोल जोडलेत, आणि ते ऐकत टॅक्सीवाले म्हणे लांबलचक पाळ्या काढतात. धानोरा या तालुक्याच्या गावापासून आत अकरा किलोमीटरवर, तिच्या स्वतःच्या गावात मात्र ती अंगणवाडीची मदतनीस आहे. तिथे तिचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे तो सकाळी घरोघरी फिरून पोरांना हाकलत आणतानाचा, आणि त्या आवाजाने आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

हे सगळं घडलं एका व्हिडिओमुळे. गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचून परतताना ती आणि लालसू गात येत होते, ते कुणीतरी फोनवर टिपलं. लालसू तिच्याच गावचा, तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, धानोऱ्यात पंक्चर काढण्याचं दुकान चालवतो. तो तिचा भाऊ. सख्खा नव्हे, चुलतही नव्हे, आडनावंसुद्धा वेगळी. पण दोघांची घरं सात देव मानणारी. गोंडांत ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ते सगळे एकमेकांचे भाऊबंद. सात देवांच्या पोरीने सात देवांच्या पोराशी लग्न करायचं नसतं, तसा विचारही मनात आणायचा नसतो. रंजीताला पाठचा भाऊ नव्हता, त्यामुळे लहानपणापासून हक्काने भांडायला तिला हाच सापडला होता.

तो व्हिडिओ फिरत फिरत मुंबईच्या एका गाण्याच्या कंपनीपर्यंत गेला आणि कंपनीने मयुरीला पाठवलं. मयुरी मूळची चंद्रपूरची, जटपुरा गेटच्या आतली, त्यामुळे तिची भाषा रंजीताला परकी वाटली नाही. करारनामा चाळीस पानांचा होता आणि सगळा इंग्रजीत. मयुरीने त्याचं सार एका वाक्यात सांगितलं.

"गानं एकच राहीन ताई, पन प्रत्येक देशाचं गिऱ्हाईक वेगळं. म्हनून सांगाची तऱ्हा वेगळी."

"म्हंजे कशी?"

"जपानले तुमी डोळे मिटलेल्या दिसान. जर्मनीत लिहू, जंगलाचा शेवटचा आवाज."

"शेवटचा काऊन?" रंजीता खरंच दुखावली. "आमच्या गावात माह्यापरीस चांगल्या गानाऱ्या बारा बाया हायेत."

"बारा बाया म्हनलं तर तिकडं कोनी ऐकत नाई ताई. एकटीच पायजे."

यावर रंजीता हसली आणि तिने सही केली. तिला यात फारसं वावगं दिसलं नाही. बाजारात चारोळी विकताना तीही एका व्यापाऱ्याला दाणा मोठा आहे म्हणून सांगायची आणि दुसऱ्याला गोड आहे म्हणून. दाणा तोच असायचा.

फोटो काढायला मुंबईहून माणूस आला. त्याने दोघांना मोहाच्या बुंध्याशी बसवलं. जरा जवळ बसा म्हणाला, ते बसले. हात खांद्यावर ठेव म्हणाला, लालसूने ठेवला. ऊन चढत होतं, दोघं कंटाळले होते. लालसूने दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यात टपली मारली, ती खळखळून हसली आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. "इतकी मोकळी माणसं मी पाहिली नाहीत," फोटोवाला खूश होऊन म्हणाला. "मुंबईत नवराबायकोलासुद्धा शिकवावं लागतं." रंजीताला ते कौतुकच वाटलं. बहिणीजवळ बसायला लालसूला लाज कशाची वाटणार होती? पण भाऊ-बहीण आहात का, हे त्या मोठ्या कॅमेरेवाल्याने विचारलं नाही, मयुरीने विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगण्यासारखी ती गोष्ट आहे हे या दोघांच्या गावीही नव्हतं.

दिवाळीनंतर धान कापून झालं. रंजीताची सोयरीक पवनशी ठरली होती. पवन पलीकडच्या गावचा, सहा देवांच्या घरचा, म्हणजे सगळं रीतीला धरून. तो तिला आवडलाही होता, हे ती कुणाला सांगत नव्हती, पण त्याचा फोन आला की गोठ्यामागे जाऊन बोलायची, त्यामुळे सांगायची गरजही नव्हती.

अशा सुखाच्या दिवसांत धानोऱ्याच्या मोबाईल दुकानातल्या विक्कीला फोनवर रंजीताचं गाणं शोधताना एक जाहिरात सापडली. तोच मोहाखालचा फोटो. भोवती गुलाबी रंग, वर बदामाचं चित्र, खाली इंडोनेशियाच्या भाषेतला मजकूर. विक्कीने तो फोनकडूनच हिंदीत करून घेतला. जंगलातले दोन प्रेमी, घरच्यांचा विरोध, चोरून भेटी, आणि भेटता येत नाही तेव्हा एकमेकांना घातलेली गाण्याची साद. विक्की काही वाईट माणूस नाही. त्याला देवांची संख्या वगैरे ठाऊक नव्हती. 'आपल्या धानोऱ्याची जोडी इंडोनेशियात हिट' असं लिहून मोठ्या अभिमानाने त्याने ते स्टेटसला ठेवलं, आणि दुपारपर्यंत ते तालुकाभर झालं.

रंजीताच्या तोंडचं पाणी पळालं. आईने चुलीपुढून उठायचं नाव घेतलं नाही. बाबा एरवीही कमी बोलायचे, आता तेवढंही बोलेनात. लग्न तर मोडल्यातच जमा होतं. पण समाजाने खरं मानलं असतं तर तिला आणि लालसूला जातीबाहेर काढलं असतं, आणि आईबापाच्या दारात कुणी पाण्यालाही उभं राहिलं नसतं.

तिने मयुरीला फोन लावला.

"ताई, ते तं फक्त तिकडच्यासाठी हाय," मयुरी म्हणाली. "तिकडं जोडी चालते. इकडं कोन पाह्यते?"

"इकडं सगळ्यायनं पाह्यलं. तो माहा भाऊ हाय, मयुरी."

"पन आडनाव तं..."

"देव सारखेच हाय आमचे. सात."

 मयुरी हळूच म्हणाली, "तुमी सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं काऊन नाई?"

मयुरीने साहेबांशी बोलते असं कबूल केलं. संध्याकाळी तिचाच फोन आला. जाहिरात जोरात चालली आहे, आत्ता हात लावायचा नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं. हे सांगताना ती रडकुंडीला आली होती. त्याच दिवशी पवनचाही फोन आला होता. "मले मालूम हाय रंजीता, तसं काई नाई," तो म्हणाला. "पन आई बोलूनच नाई राह्यली. आमचे लोक इतवारी तुमच्या गोटुलात बैठकीले येतात." त्यानंतर त्याचा फोन लागेना.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त लागलं ते लालसूचं वागणं. तो दुकानातून घरी जायला लांबचा रस्ता धरू लागला. एकदा विहिरीजवळ समोरासमोर आले, तर त्याने मान खाली घातली आणि सायकल वळवली. रंजीताला हाक मारावीशी वाटली. पण चार बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि जन्मात पहिल्यांदा लालसूला हाक मारण्याआधी तिने आजूबाजूला पाहिलं. याचा तिला भयंकर राग आला, कुणाचा ते मात्र कळेना.

रविवारी गोटुल, म्हणजे गावाचं बैठकीचं घर, भरलं. मधोमध बसला सुकलूभाऊ, गावचा भूमिया, देवाधर्माचं आणि भांडणतंट्याचं बघणारा म्हातारा. एका बाजूला पवनच्या गावचे दहाबारा जण, त्यांच्यात पवन आणि त्याची आई सोमारीबाई. सोमारीबाई ठेंगणी, रोखून बघणारी बाई. रंजीताची तिच्याकडे मान वर करायची छाती होईना. लालसू दाराजवळ खांबाला टेकून उभा होता.

सुकलूभाऊने रंजीताला बोलायला सांगितलं. तिने जपान सांगितलं, दुबई सांगितली, जर्मनीतल्या शेवटच्या आवाजाचंही सांगितलं. पण जसजशी ती सांगत गेली तसतसं तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. समोरच्या माणसांपैकी अर्धे नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांना एवढंच दिसत होतं की फोटो खरा आहे, मोह आपल्या गावचा आहे आणि हात लालसूचा आहे. लालसूला विचारलं तर तो "बहीन हाय माही" एवढंच बोलला आणि परत खांबाला टेकला.

 तेव्हा सोमारीबाईने हात पुढे केला. "आना, मले दाखवा ते. मी अजून पाह्यलंच नाई. नुसतं ऐकून राह्यली आठ रोजपासून."

पवनने फोन दिला आणि चित्र बोटांनी मोठं करून दिलं. सोमारीबाईने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.  आणि मग ती बाई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तिने पदर तोंडाला लावला.

"कोन म्हनते याले पिरेम? तीन पोरी उजवल्या मी, दोन सुना आनल्या. मन लागलेलं पोट्टं मले दुरून वळखू येते. त्याले हात कुठी ठेवावा तेच समजत नाई, घामानं भिजून जाते. माह्या पवनलेच पाहा, हिच्या दारात आला तं चपला उलट्या घालून गेला होता." पवनचे कान लाल झाले. "आन् हा पोट्टा पाहा. हिच्या डोक्यात टपली मारून राह्यला, केस इस्कटून टाकले हिचे. हे भावाचंच काम हाय. त्या इंडोनेशियावाल्यायले काय बहिनी नाई काय बाप्पा?"

सगळं गोटुल हसलं. फोन हातोहात फिरला, आणि आता जो तो बघून म्हणू लागला की खरंच, हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही. सुकलूभाऊने कसंबसं हसू आवरून विचारलं, "तं मंग, सोमारीबाई?"

"मंग काय? लगन हाय. पोरगी माही हाय."

रंजीताचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस कोरडे ठाक असलेले तिचे डोळे असे वाहायला लागले की आईने येऊन तिला धरलं. आठ दिवसांत बाबा पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते एवढंच, की पाहुण्यांसाठी चहा ठेवा.

मंगळवारी मयुरीचा फोन आला. नोकरी गेली तर जावो म्हणून ती साहेबांशी भांडली होती. करारात कलाकाराची घरी बदनामी होईल असं काही छापायचं नाही, असं एक वाक्य होतं. ते छत्तिसाव्या पानावर तिला सापडलं. जाहिरात उतरली होती. त्या जागी आता 'भाऊ-बहीण' असं लिहिलं होतं.

"पन ताई, एक वाईट सांगाचं हाय. भाऊ-बहीन लिहिलं तसं तिकडं कोनी ऐकूनच नाई राह्यलं. इंडोनेशिया गेला आपल्या हातचा."

"बरं झालं," रंजीता मनापासून म्हणाली. "जाऊ दे. जपानवाले झोपून राह्यले, तेवढे पुरे."

हे सांगायला ती स्वतःच लालसूच्या दुकानावर गेली. तो एका ट्यूबला ठिगळ लावत होता. ऐकून तो हसला, पण हात थांबवले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने हात पुसले आणि खाली बघतच म्हणाला, "बाई, मी तुह्यापासून पळत होतो ते लोकायच्या भेवानं नाई. रोज तो फोटू पाहून पाहून मलेच वाटाले लागलं, आपलं खरंच काई चुकलं का काय."

ही गोष्ट रंजीताने आईलाही सांगितली नव्हती, पवनलाही नाही. कधी सांगेल असं तिला वाटलंही नव्हतं.

"मलेबी वाटलं होतं," ती म्हणाली.

 लालसूने आतून स्टूल आणून तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारच्या टपरीकडे बघून दोन चहा सांगितले.