बाण पुसलेले दगड

उभ्या दिल्लीत घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेला एकच माणूस मी पाहिला, आणि ते माझे सासरे होते. सरकारी खात्यात ते भूशास्त्रज्ञ होते. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली मुरलेल्या खडकांच्या सहवासात राहून त्यांना घड्याळाचं काही वाटेनासं झालं असावं. डोळ्यांदेखत बस निघून गेली, तरी "येईल की दुसरी" म्हणत ते फुटपाथवरची खडी चाळत बसायचे. मी त्यांच्या मुलीला बघायला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक दगड ठेवला. "हा कुठला असेल, सांगा." मी घाबरून म्हणालो, "मला दगडातलं काही कळत नाही." त्यांनी आत वळून हाक मारली, "अहो, मुलगा खोटं बोलत नाही. पोहे आणा." एवढ्या प्रशस्तिपत्रावर माझं लग्न ठरलं. वर्षभरातच मला त्याची लाज वाटायची वेळ आली.

उष्णतेनं आणि दाबानं आतल्या आत बदललेले खडक हा त्यांचा जीव की प्राण. ते न वितळता कसे बदलतात, हे समजावून सांगायला त्यांना स्थळकाळ लागत नसे. सरोजिनी नगरच्या बाजारात दिवाळीच्या गर्दीत दोन दुकानांमधल्या बोळात आम्ही चेंगरलो, तर हे जागच्या जागी थांबले. "जावईबापू, बघा! दोन्ही बाजूंनी रेटा आला की माणसं कशी आपोआप अंग वळवून एका रांगेत उभी राहतात! दगडातला अभ्रक हेच करतो. म्हणून तर त्या दगडाचे पापुद्रे निघतात." तेवढ्यात पिशव्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "तुमच्या अभ्रकाला आधी बाहेर काढा, मग शिकवा!" मागचा सरदारजी म्हणाला, "अंकल जी, क्लास बाद में लेना, चलो!" तर त्यांनी मागे वळून त्यालाही हिंदीत पहिल्यापासून समजावलं.

त्याच दिवाळीच्या सफाईत मी काही तरी करून दाखवायचं ठरवलं. सासरच्या गॅलरीतल्या दोन खोक्यांत तीसेक दगड होते, त्यांच्यात तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, लालसर मणी रुतलेले. सगळे घराबाहेर असताना मी ते साबणानं, तारेच्या ब्रशनं लख्ख घासले. शाईचे डाग होते, तेही काढले. संध्याकाळी कळलं की ते डाग नव्हते, बाण होते. डोंगरात दगड कसा पडला होता, त्याची उत्तर कुठली आणि वरची बाजू कुठली, ते सांगणारे. तामडा वाढता वाढता गरगरत जातो आणि आजूबाजूचे कण पोटात गुंडाळून घेतो. ती गुंडाळी कुठल्या दिशेची, त्यावरून डोंगर कुठल्या बाजूला सरकला ते कळतं. पण मूळची दिशाच गेली, तर गुंडाळीचा उपयोग शून्य. दोन हिवाळे राजस्थानात फिरून त्यांनी ते जमवले होते. त्यांच्या नोकरीतला शेवटचा अहवाल त्यावर उभा होता, आणि मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

"शांतीचंच काम," सासूबाई म्हणाल्या. "मीच तिला गॅलरी धुवायला सांगितली होती. उद्यापासून नको म्हणावं." शांती आठ वर्षं त्या घरी धुणीभांडी करत होती. मी चकली खात होतो. मी चकलीच खात राहिलो.

सासरे कोरडा ठणठणीत दगड हातात फिरवत म्हणाले, "तिला कशाला बोलता? मीच धुतले. विसरलो." "अजून साठी व्हायचीय आणि बुद्धी आधीच नाठी!" सासूबाईंनी हे पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. ते प्रत्येक वेळी मान हलवायचे.

जानेवारीत रजा टाकून, दुखऱ्या गुडघ्यानिशी ते पुन्हा त्याच डोंगरात गेले, आणि मलाही घेऊन गेले. मी हातोडा उचलला की म्हणायचे, "आधी बाण, मग हातोडा." तिसऱ्या दिवशी एका उघड्याबोडक्या माथ्यावर मी हिय्या केला. "बाबा..." "हं?" "...चहा घेणार?" दहा मैलांत टपरी नव्हती. दगडावर बाण काढता काढता ते म्हणाले, "मिळाला तर घेऊ."

अखेर होळीच्या आदल्या दिवशी मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत आहे. धुतलेले दगड उंचीप्रमाणे ओळीनं वाळत घातले होते. आमच्या घरात एवढी शिस्त कुणाला आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही नुसते पकडले गेला असता. आता असं करा, हे मला नका सांगू. शांतीला सांगा."

शांती जिन्यात बादली घेऊन उभी होती. मी हिंदीत अडखळत सुरुवात केली. ती हसायलाच लागली. "मालूम है भैया जी. साहब ने उसी दिन बता दिया था कि दामाद जी ने धोए हैं. बोले, तू चुप रहना, वो खुद बोलेगा. मैंने पूछा, कब? बोले, बोलेगा." मग बादली उचलत म्हणाली, "होली आ गई! मैं तो समझी थी अगली दिवाली होगी."

मी वर आलो. ते खिडकीशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. खाली नव्या दगडाचा कागदासारखा पातळ काप होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं?" "झालं," मी म्हणालो. ते उठले, मला स्टुलावर बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मधला तामडा बघा. गुंडाळी दिसते का?" डोळ्यांत पाणी होतं, मला सगळंच धूसर दिसत होतं. मी म्हणालो, "हो, अगदी स्पष्ट."

पुढे ते अकरा वर्षं होते. तेवढ्या काळात मी त्यांच्याशी पुन्हा कधी खोटं बोललो नाही.