मामाजींनी ठेवलेलं नाव

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, गाईशी बोलताना आवाज खाली आणत आणि माणसांशी बोलताना चढवत. गाईंच्या कोठ्यात शिरले की "काऊन वं, आज चारा नाई खाल्ला?" असं इतक्या हळुवारपणे विचारत, की आत कोणी आजारी लेक निजली आहे असं वाटे. बाहेर येताच "मोठे, पाणी" म्हणून गरजत. मी त्यांची मोठी सून. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या घरात काढली, पण त्यांच्या तोंडून माझं नाव कधी ऐकलं नाही.

सिंदी रेल्वेजवळच्या आमच्या गावात त्यांना फार मान. गवळाऊ गाई राखाव्यात तर यांनीच, असं लोक म्हणत. दुधात पाण्याचा थेंब नाही. तीन मुलं, तीन सुना, नातवंडं एका छपराखाली. "खुटा मजबूत पायजे, मंग ढोर कुठी जात नाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. लोकांना त्यात शहाणपण दिसे. त्यातलं ढोर कोण, हे आम्हां तिघी सुनांना ठाऊक होतं.

माझी आई पुलगावला भावाकडे फार आजारी होती. एका सकाळी भावाचा फोन आला, "ताई, आज ये. माय तुलेच विचारून राह्यली." मी पिशवी भरली आणि मामाजींना सांगायला कोठ्याशी गेले. त्यांची लाडकी गाय त्या दिवशी व्यायला झाली होती.

"आज नाई जमत," ते म्हणाले. "गाय तुह्याशिवाय कोणाले अंगाले हात लावू देत नाई. उद्या जाजो."

"मामाजी, मायचं लई झालं हाय."

"म्हातारे लोकं दोन दिवस इकडं-तिकडं होतातच."

नवरा शेजारी उभा होता. तो बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडत राहिला. मी पिशवी आत ठेवली आणि भांडी घासायला बसले.

गाय संध्याकाळी व्याली. कालवड झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुलगावला पोचले, तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या आणि मला पाहून त्यांनी वाट करून दिली. आई पहाटेच गेली होती. भाऊ म्हणाला, काल दिवसभर ती दाराकडे पाहत होती.

आईचे दिवस करून परत आले, तर मामाजी कालवड घेऊन अंगणात उभे. "इचं नाव सुमन ठेवलं," ते म्हणाले. सुमन माझी आई. "तुह्यी माय घरीच आली, समज." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मला फार मोठं काही दिलं, असं त्यांना वाटत होतं. पुढं कितीतरी वर्षं माझ्या आईचं नाव त्या कोठ्यात रोज पुकारलं गेलं. "सुमनले ढेप टाक." "सुमन लाथ मारते, तिचे पाय बांध." आणि ते पाय मीच बांधत होते.

माझ्या मुलीला टायफॉइड झाला, तेव्हा हाच माणूस वर्ध्याच्या दवाखान्यात चार दिवस जमिनीवर निजला. हे लिहायला हवं. त्यामुळे राग कमी झाला नाही. उलट वाटलं, यांना सगळं कळतं, फक्त माझ्या वेळी कळलं नाही.

नव्वदीला ते कोठ्यातच घसरले आणि खाटेला खिळले. भरवायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी घास थांबवून मी म्हटलं, "मामाजी, तुमी मले जाऊ देलं नाई. माही माय वाट पाहून पाहून गेली."

ते म्हणाले, "तू रडली कुठी तवा? भांडे घासाले बसली. गाय हंबरते, तं समजते."

मी उरलेला भात भरवला. त्या वाक्याचा राग अजून जात नाही. महिनाभरानं ते गेले.

तेरवीला मांडवात माणसं उठून बोलत होती. असा कुटुंबवत्सल माणूस पुन्हा होणे नाही, असं प्रत्येकानं म्हटलं. कोणीतरी म्हणालं, मोठ्या सुनेनं खूप सेवा केली, तिनं दोन शब्द बोलावेत. मी उठले.

"मामाजींनी गाईचं सारं केलं," मी म्हटलं. "पण मले माह्या मायच्या मरणाले जाऊ देलं नाई. मंग तिचं नाव गाईले देलं. मी त्याईले माफ केलं नाई." आणि खाली बसले.

नवऱ्यानं मान खाली घातली. वडनेरहून आलेली मामाजींची धाकटी बहीण तेवढी माझ्या अंगाला खेटून बसली आणि म्हणाली, "खरं हाय, बाई. तो तसाच होता."

पंगत मांडली, तेव्हा वाढायला मला कोणी हाक मारली नाही. आत्याबाईंनी आपल्या शेजारी माझं पान ओढून घेतलं. त्या घरात पहिल्यांदाच मी पहिल्या पंगतीत बसले, आणि पोटभर जेवले.