मांडवातली साक्ष

त्या वर्षांत आमच्या चर्चच्या मंडळीत जवळपास दर रविवारी कुणाच्या तरी घरासाठी प्रार्थना असायची. कापसाला भाव नव्हता आणि नेर तालुक्यात विष घेतल्याच्या बातम्या सारख्या यायच्या. पाळकसाहेब त्या घराचं नाव घ्यायचे आणि आम्ही डोळे मिटून खरोखर रडायचो. आपण मायाळू माणसं आहोत, असं मला तेव्हा वाटायचं.

मी शाळेत शिकवायचे आणि मंडळीची चिटणीसही होते. प्रभुभोजनात भाकरीसोबत सगळ्यांना देतात तो द्राक्षरस एक ताई करायची. ती जिनिंगमध्ये कामाला जायची आणि तिचा नवरा कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. शनिवारी दुपारी ती काळ्या मनुका उकळून फडक्यातून गाळायची. फडक्याचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं.

नवरा खंगत खंगत गेला. लोकांना टीबी सांगितला होता. दोन महिन्यांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून ती परतली, तेव्हा बसस्टँडवर मी भेटले.

"बाई, मले बी तेच निंगालं," ती म्हणाली. "एड्सवालं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. काळजी करू नकोस, प्रभू आहे, असंही म्हटलं. मग घरी येऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी पाळकीणबाईंना सांगितलं. प्रार्थनेसाठी म्हणून. आमच्यात चहाडीला प्रार्थनेचा विषय म्हणतात.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. रस ताईनेच केला होता, आणि तोवर बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती. निम्मी माणसं जागची उठलीच नाहीत. एक निवृत्त पोस्टमास्तर मात्र पुढे गेले, गुडघे टेकले, रस घेतला. मग सरळ बाहेर नळावर जाऊन त्यांनी चूळ भरली. मी खिडकीशी बसले होते. ज्याला आम्ही प्रभूचं रक्त म्हणतो, ते त्यांनी नालीत थुंकलं, रुमालाने मिशा पुसल्या आणि आत येऊन गाऊ लागले.

कमिटी बसली. ताईने रस करायचा नाही, मागच्या बाकावर बसायचं, आणि तिला प्लास्टिकच्या कपात वेगळं द्यायचं, असं ठरलं. ठराव मी लिहिला. 'मंडळीच्या आरोग्याच्या दृष्टीने' हे शब्द माझे. पाळकसाहेब म्हणाले, "भाषा छान जमली बाई." आणि मला बरं वाटलं.

पुढच्या प्रभुभोजनाला चहाच्या टपरीवरचा असतो तसला कप तिच्या हातात दिला गेला. देणाऱ्याने तो कडेला दोन बोटांत धरला होता. ती प्याली. उपासना संपल्यावर दारात तिने मला विचारलं, "बाई, हे लिवलं कोनं?"

"कमिटीचा ठराव आहे," मी म्हटलं.

"हात कोनाचा होता?"

मी चपला शोधू लागले. त्यानंतर ती चर्चला आली नाही. तिच्या घरी कुणी गेलं नाही, आणि उपासनेत तिच्यासाठी एकदाही प्रार्थना झाली नाही. विष घेतलेल्यांसाठी मात्र आम्ही रडतच होतो.

काही वर्षं गेली. सरकारी दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. ती दर महिन्याला बसने यवतमाळला जायची. अंग भरलं, ती पुन्हा जिनिंगला जाऊ लागली. लोकांच्या नजरेत ते आलं. मग पाळकसाहेब चार जणांना घेऊन तिच्या घरी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून आले. मांडव घालून होणाऱ्या संजीवन सभेत, सगळ्यांपुढे, प्रभूने बरं केल्याची साक्ष तिने द्यावी असं ठरलं.

दुपारची वेळ होती. मांडव भरला होता. बाहेरगावचे प्रचारक माइकवर ओरडले, "डॉक्टरांनी हात टेकले, पण प्रभूने हिला पूर्ण बरं केलं!" पोस्टमास्तरांनी दोन्ही हात वर केले. हालेलूयाचा गजर झाला.

ताईने माइक घेतला. "मी बरी नाही झाली," ती म्हणाली. "बिमारी हाये माह्या आंगात. सरकारी गोळ्या खाऊन राह्यली मी. देवानं जित्तं ठेवलं, हे खरं हाय. पन तुमी सांगून राह्यले, तसं नाही."

प्रचारक हसले. "ताई, विश्वासाने बोला."

"विश्वासानंच बोलून राह्यली. खोटं कायले बोलू? माह्यं ऐकून कोनी गोळ्या सोडल्या, त मरन ना तो!"

प्रचारकांनी हाताने खूण केली. माइक बंद झाला, पेटी वाजू लागली. मंडळी गाऊ लागली. माझेही हात सवयीने टाळ्या वाजवत होते. ते ध्यानात आलं तेव्हा मला माझ्या हातांची इतकी शिसारी आली की मी ते पदराखाली घेतले. ताई पायऱ्या उतरून मांडवाबाहेर चालली होती. मी उठले आणि तिच्यामागे गेले.

"ठराव मी लिहिला होता," मी म्हटलं. "आणि तुझ्या आजाराचं बाहेरही मीच सांगितलं."

"मालूम हाय. तुमच्याशिवाय सांगतलंच कोनाले होतं मी?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी घरी येता का, पाहत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चिटणीसपद मी सोडलं. पुढच्या महिन्यात तिच्यासोबत यवतमाळला गेले. गोळ्यांच्या रांगेत झरी जामणीकडची एक पोर भिंतीला टेकून उभी होती. हाडं वर आलेली. प्रार्थनेला नेणाऱ्या कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, म्हणून तिने तीन महिने घेतल्या नव्हत्या. ताई तिला घेऊन बाकावर बसली, डबा उघडला, तिला पोळीभाजी दिली, त्याच डब्यातलं स्वतःही खाल्लं. मग तिसरा घास माझ्यापुढे धरला.

मी खाल्ला. इतकं सगळं कळूनही तो घशाखाली उतरायला वेळ लागला. ताईने ते पाहिलं. तिने दुसरी पोळी माझ्या हातावर ठेवली आणि त्या पोरीला विचारलं, "येतानी एसटी भेटली का व तुले?"