विल्सनकाकांची पट्टी

विल्सनकाका गीत सुरू करायला उभे राहिले की मी पेटीवर बोटं ठेवून विचारायची, "काका, पट्टी कुठली?" ते हात झटकायचे. "तू धर बाय कुठली पण, मी येतो." इतक्या वर्षांत ते एकदाही आले नाहीत. मी काळी दोन धरली की ते कुठेतरी वरच्या आळीत फिरत असायचे, आणि त्यांना शोधत मी तिथे पोहोचेपर्यंत खाली उतरलेले असायचे.

आमच्या रत्नागिरीच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघातून वयामुळे बाहेर पडायची पद्धत नाही; निदान काकांना ती कोणी सांगितली नव्हती. एसटीत कंट्रोलर म्हणून ते निवृत्त झाले, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी तरुणांच्या सभेत गीतं तेच चालवायचे. स्टँडवर गाड्या सोडायची सवय त्यांनी चर्चमध्येही आणली होती. पहिलं कडवं संपायच्या आत आम्हाला थांबवायचे. "थांबा, थांबा. मागच्या बाकावरची माणसं चढलीच नाय. गाडी मागं घ्या." की गीत पुन्हा पहिल्यापासून. गप्प बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. पाहुणा असो, नवी सून असो, कुणाची दाढ दुखत असो, तोंड उघडल्याशिवाय सुटका नव्हती. "देव काय तुझी परीक्षा घ्यायला बसलाय? म्हण!"

आणि आम्ही म्हणायचो, कारण काकांचा एकट्याचा आवाज ऐकणं अशक्य होतं. त्यांनी चाल भलतीकडे नेली की सगळे मिळून तिला ओढून जागेवर आणायचो. परक्या माणसाला वाटे, काय ही यांची भक्ती! खरं तर त्यात निम्मी भक्ती असायची आणि निम्मं मदतकार्य.

शेवटी आम्ही जाणकारांनी हे सुधारायचं मनावर घेतलं. मुंबईला नोकरीला गेलेली आमची मुलं गिटार, ड्रम आणि मोठमोठ्या सभांचे व्हिडिओ घेऊन आली. काकांना आता विश्रांती द्यावी, असं ठरलं. विश्रांती त्यांनी मागितली नव्हती, पण ते सगळ्यांसमोर "द्या की" म्हणाले. घरी जाताना मात्र त्यांनी मला गाठलं.

"बाय, पण लोकांना गायला लावनार कोण?"

"काका, संगीत चांगलं असलं की लोक आपोआप गातात," मी म्हणाले. तेव्हा मला संगीतातलं सगळंच कळत होतं.

वेळणेश्वरजवळच्या तरुण संघाच्या शिबिरात आमचा बँड उभा राहिला. सूर पक्के, ताल पक्का. गीताआधीचं वादनच एवढं लांब की मध्ये चहा उरकला असता. डोळे कुठल्या ओळीला मिटायचे तेही बसवलं होतं. समोरची मुलं उभी राहिली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल उंच धरले. तोंडं तेवढी बंद होती. पहिल्या रांगेत एकटे काका गात होते, आणि स्पीकरच्या कृपेनं ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

सत्र संपल्यावर ते स्वतःहून आमच्याकडे आले. "झकास झाला! रेडिओवर लागतो तसा. आता गायचा कधी?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मग शेवटच्या सभेला चर्चच्या पाळकसाहेबांनीच काकांना पुढे बोलावलं. काकांनी एक जुनं गीत असं काही उंच धरलं, की तिथवर पोहोचणं कुठल्याही मानवाला शक्य नव्हतं. सगळ्या सभागृहानं धावत जाऊन ते खाली उतरवून घेतलं आणि मग जे गायला सुरुवात केली ती थांबेचना. मुंबईची मुलंसुद्धा मोबाइल खिशात टाकून ओरडत होती.

मला साक्षात्कार झाला. हा माणूस अडाणी नव्हे, महागुरू आहे! जेवणाच्या रांगेत मी त्यांना हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम चुकीच्या पट्टीत धरता ना? लोकांनी गावं म्हणून?"

काकांचा चेहरा पडला. "चुकीच्या? आज तर बरोबर लागली होती गो."

"हो, हो, बरोबरच होती," मी घाईघाईनं म्हणाले आणि त्यांच्या ताटात जास्तीचा भात वाढला.

त्यानंतर गीतं पुन्हा काकांकडे आली आणि बँड नाताळच्या कार्यक्रमापुरता उरला.

गेल्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं. आम्ही तरुण संघाचे लोक त्यांच्या घरी गेलो, पलंगाभोवती उभे राहिलो आणि आजारी माणसाला त्रास नको म्हणून हलक्या आवाजात, अगदी सुरात गायलो. काका डोळे मिटून ऐकत होते. आमचं संपल्यावर त्यांनी स्वतःच एक गीत सुरू केलं. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास होता. चुकायलाही त्यात सूर उरला नव्हता. जन्मभर ज्यांचा आवाज झाकायला आम्ही गायलो, त्यांना ऐकायला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा गप्प झालो. मला ते फार आवडत होते, हे मला तिथे उभं असताना कळलं.

काकांनी मध्येच थांबून डोळे उघडले. चांगलेच चिडले होते.

"गप कशाला बसलाव? माझा काय ऐकताव? म्हना की!"

ते आमच्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. आम्ही म्हणायला लागलो. सगळेच रडत होतो, त्यामुळे एकाचाही सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता. काका मात्र खूश दिसले.