रंग चढेल म्हणून

विंझरच्या वर, डोंगरातल्या धनगरवस्तीवर आक्काबाईला मुलगा झाला तो दुधासारखा पांढरा. केस पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. नाव ठेवलं बिरू, पण वस्ती त्याला 'साहेब' म्हणायची. उन्हात त्याचे डोळे मिटायचे आणि संध्याकाळपर्यंत पाठ भाजल्यासारखी लाल व्हायची. आक्काबाई त्याला पदराखालीच वागवायची.

वडील, गेनबा, थकल्यावर मेंढरं बिरूकडं आली. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत गुंडाळलेलं आईचं जुनं लुगडं, अशा वेषात तो रानात जायचा. त्यानं त्याचं बरं चाललं होतं.

पंचविशीत त्याला भोंगवलीचं एक स्थळ आलं. पाहुणे वस्तीवर पोचले तेव्हा बिरू रानातून तसाच परतला. मुलीचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगा बाईवानी तोंड झाकून हिंडतोय. कसला रोग हाय का?" चहा पिऊन पाहुणे गेले, ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बिरूनं लुगडं घरीच ठेवलं. बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. आक्काबाई दारात आडवी आली.

"आरं, करपशील."

"करपू दे आये. सगळी मानसं उनानंच काळी झाल्यात. मलाबी रंग चढंल."

कित्येक उन्हाळे तो उघड्या तोंडानं मेंढरांमागं फिरला. रंग काही चढला नाही. कातडी फाटायची, सोलायची, पुन्हा पांढरीच यायची. मग डाव्या कानाच्या पाळीवर खपली धरली. ती पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. आक्काबाई हळद लावत राहिली. कान निम्मा झडल्यावर चुलतभाऊ सोनबानं त्याला बळेच एसटीत बसवून भोरला नेलं.

कातडीच्या डॉक्टर शुभ्राबाईंनी कान पाहिला, मानेवरून बोटं फिरवली.

"कॅन्सर आहे, बिरूभाऊ. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल. तुमच्या कातडीत जन्मापासून रंगच नाही, म्हणून ऊन थेट आत जातं. अंग झाकायलाच हवं होतं. मोठ्या काठाची टोपी, जाड कापड आणि उघडं राहील तिथं हे क्रीम. बाहेर पडायच्या आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा."

बिरूनं ट्यूब हातात घेतली. "म्हंजी रंग कवाच येनार नव्हता?"

"नव्हता."

"ह्ये लावल्यावर कान बरा हुईल?"

"नाही. नवीन जखमा होऊ नयेत म्हणून आहे ते."

पुण्यात कान काढला. बिरू टोपी घालू लागला, क्रीम लावू लागला, मेंढरं दिवस वर यायच्या आत नेऊन आणू लागला. कुणी हसलं नाही. हसणारी माणसं आता त्याच्याकडं बघायचंच टाळत होती. वर्षभरात मानेत गाठ आली. तिच्यावर पुण्याला रेडिएशनचे शेक देऊन झाले, पण ती हटली नाही.

मेंढरं आता सोनबा नेतो. बिरू घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात पडून असतो. तिथं ऊन पोचत नाही, तरी रोज सकाळी आक्काबाई त्याच्या तोंडाला क्रीम लावते. परवा तो तिला म्हणाला, "आये, आता कशापायी?"

उरलेलं क्रीम तिनं त्याच्या हातांना चोळलं.