बाधित कुंदाताई

आमच्या कामात दोनच गोष्टी साठतात: उरलेली पोस्टरं आणि किस्से. पोस्टरं डोंगरेभाऊंच्या माळ्यावर जातात आणि किस्से माझ्याकडे येतात, कारण मी एकटी राहते आणि माझ्या घरात जागा भरपूर आहे! संध्याकाळी भात टाकते, दिवसभरात कोण काय बोललं ते आठवतं आणि कुकरसमोर उभी राहून हसत सुटते. हसून झालं की वळून बघते. सांगायचं कुणाला? म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा.

आम्ही तिघं. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या आसपासच्या शाळा-कॉलेजांत आणि खेड्यांत जाऊन पोरापोरींना एचआयव्हीबद्दल सांगतो. पगार नाही, हौस आहे. डोंगरेभाऊ मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. ते बोलायला उभे राहिले की माइकची गरज नसते. रीना कॉलेजात शिकते; घरचं मराठी, तोंडात हिंदी. आणि मी कुंदा. मला स्वतःला एचआयव्ही आहे. नवरा गेला त्या वेळी माझी तपासणी झाली, तेव्हा कळलं. रोज गोळी घेते, ठणठणीत आहे, भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून पार बिरसापर्यंत जाऊन येते. झाली तब्येतीची चौकशी? आता ऐका.

*

भरवेलीच्या शाळेत एका पोरानं नेहमीचा प्रश्न टाकला. "सर, मच्छर ने पहले उसको काटा, फिर मुझे काटा, तो?"

"तो खुजली होगी!" भाऊ म्हणाले.

सगळा वर्ग हसला. मग भाऊंनी नीट समजावलं की डास रक्त पितो, एकाचं रक्त दुसऱ्याला टोचत नाही, आणि हा विषाणू त्याच्या पोटात टिकतही नाही. पोरांना पटलं. टाळ्या झाल्या.

बाहेर पडलो तर एक मास्तर मागून आले. इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "भाऊसाहब, वो सब ठीक है. मतलब मच्छरदानी लगाए, तो फिर वो... कंडोम की जरूरत नहीं ना?"

भाऊंनीही आवाज खाली आणला. म्हणाले, "गुरुजी, मच्छरदानी के अंदर कौन है, उस पर है!"

*

आमच्याकडे स्वतःसाठी प्रश्न कुणीच विचारत नाही. "मेरे एक दोस्त को..." अशीच सुरुवात. या दोस्ताला आजवर जेवढं काही होऊन गेलंय, तेवढं कुणाला झालं तर तो जगायचा नाही!

एका मुलींच्या शाळेत मधल्या बाकावरची एक पोरगी उठली. दोन वेण्या, ओढणी घट्ट धरलेली. "दीदी, मेरी सहेली पूछ रही थी. उसके पापा को है. मम्मी नहीं है, तो खाना पापा बनाते हैं. वो खा सकती है?"

"हाँ बेटा. रोज खा सकती है," मी म्हटलं. "पापा के साथ बैठकर, एक थाली में भी."

ती बसली. मी पुढे बोलायला लागले. थोड्या वेळानं बघते तर ही बाकाखाली डबा उघडून खातेय! पोळी आणि बटाट्याची भाजी. घास गिळण्याआधीच पुढचा तोंडात. बाईंनी पाहिलं आणि ओरडल्या, "ए! सेशन चल रहा है, और तू खाना खा रही है?"

पोरगी भरल्या तोंडानं उभी राहिली. "सॉरी मैडम. सहेली को भूख लगी थी."

परतताना रीना स्कूटी चालवताना रडत होती, आणि मी मागे बसून तिला ओरडत होते की आधी समोर बघ!

*

आता आमच्या फजितीचा किस्सा. गोंदियाहून आम्हाला मराठी पोस्टरं मिळाली. छान गुळगुळीत कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "एचआयव्ही बाधित व्यक्तींना प्रेमाने वागवा." हट्ट्याकडच्या एका मराठी बोलणाऱ्या गावात ती लावली, आणि भाऊ तासभर बोलले. बाधित असे, बाधित तसे. गावानं फार मन लावून ऐकलं. इतकं की मला शंकाच आली.

शेवटी भाऊंनी विचारलं, "काही प्रश्न?"

एक म्हातारे उठले. "प्रश्न नाही भाऊ. पण तुमाले पत्ता देऊन ठेवतो. आमच्या इकडं एक भगत हाये, कशीही बाधा असो, अमावसेले उतरवते. लिंबू तुमीच घेऊन जा."

झालं! तासभर सगळं गाव भुताबद्दल ऐकत होतं! बाधा झाली म्हणजे कुणीतरी अंगात शिरलं, हे तिथं लहान पोरालाही माहीत. एका बाईनं तर माझ्यासमोर अंगारा धरला. मला बघून तिला काय वाटलं कोण जाणे.

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाऊ पक्के बौद्ध. देव नाही, भूत नाही, अंगारे-धुपारे नाही, हे ते खाणीतल्या कॉलनीत आयुष्यभर सांगत आले. मोटारसायकलला किक मारताना म्हणाले, "जन्मभर मी लोकायची बाधा उतरवली, अन् आज मीच बाधा वाटून राह्यलो!"

त्या दिवशी आम्ही तो शब्द बंद केला. रीनानं उरलेल्या पोस्टरांवर कागद चिकटवले. जो कुणी "बाधित" म्हणेल त्यानं बाकीच्यांना समोसे खाऊ घालायचे, असा नियम झाला. सगळ्यात जास्त समोसे भाऊंनीच घातले.

*

मग शहरातल्या मराठी मंडळींनी एक मोठा कार्यक्रम ठेवला. मी स्टेजवर उभी राहून स्वतःबद्दल सांगायचं ठरलं. तोपर्यंत मी सांगायची ते बाहेरगावी; आमच्या गल्लीला काही ठाऊक नव्हतं. पण हो मीच म्हटलं. दुसऱ्यांना घाबरू नका सांगायचं आणि आपण चोरून राहायचं, याचा कंटाळा आला होता.

बोलणं झालं. पाहुण्या मॅडम उठल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला मिठी मारली. फोटोग्राफर म्हणाला, "मैडम, एक बार और." पुन्हा मिठी. त्याचा फ्लॅश चालला नाही. तिसरी मिठी! नवरा गेल्यापासून मला कुणी एवढं जवळ घेतलं नव्हतं, खरं सांगते. मला तिसरीही आवडली.

मागे चहाला गेलो तर मॅडमनी पर्समधून सॅनिटायझर काढला आणि कोपरापर्यंत चोळला. मला बघून त्यांचा हात तिथेच थांबला.

"मॅडम, थोडं मलेही द्या," मी म्हटलं. "तुमाले सर्दी दिसते. मले जपाव लागते!"

भाऊंच्या नाकातून चहा आला.

पण खरी गंमत पुढे. बॅनरवाल्याला मजकूर हवा होता, तर त्यानं आमच्याच जुन्या पोस्टरावरून उचलला. "एचआयव्ही बाधित कुंदाताई यांचे मनोगत." मोकळा खांब बघून बॅनर लावला तो नेमका माझ्या गल्लीच्या तोंडाशी; आम्ही परतलो तेव्हा दिसला! माझ्या फोटोखाली तो शब्द. नियमानं समोसे कुणी द्यायचे, यावर रीना आणि भाऊ भांडत होते. मी घरी गेले.

*

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत पापड सुरू होतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. सकाळी पीठ कुटल्याचा आवाज आला की ज्या घरून बोलावणं येईल तिथं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं, दुपारपर्यंत लाटायचं आणि बोलायचं. कामापेक्षा बोलणंच जास्त. पापडाच्या पिठाची लाटी तेलात बुडवून कच्चीच तोंडात टाकायची, हा त्यातला खरा मेवा. माझा पापड गल्लीत सगळ्यात पातळ होतो. आरपार पेपर वाचता येईल इतका.

त्या उन्हाळ्यात आवाज आले, बोलावणं आलं नाही. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. "कशी हायेस कुंदा?" रोज विचारायच्या, चार हात लांबून. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. मी नुसतीच दार लोटून आतून कुटण्याचा आवाज ऐकायची. वाईट वाटायचं. फार वाटायचं.

रीनाला राहवलं नाही. "ताई, हम गली में ही सेशन लेते हैं!"

घेतलं. सतरंजी टाकली, सगळ्या बायका आल्या. भाऊंनी खड्या आवाजात विचारलं, "हात मिळवल्यानं होते काय?"

"नाही!" सगळ्या एका सुरात.

"एका ताटात जेवल्यानं?"

"नाही!"

"एकमेकीच्या हातचं खाल्ल्यानं?"

"नाही!" पलीकडच्या घरातली माया तर सगळ्यांच्या आधी ओरडली. एवढा हुशार वर्ग आम्हाला कुठल्याच शाळेत मिळाला नव्हता. भाऊ खूश.

दुसऱ्या दिवशी मायाकडे पापड होते. मला बोलावलं नाही.

*

आता शेवटचा. मायाच्या सासूबाई, सत्यभामाआजी, वर्षभर तिरोडीला लेकीकडे होत्या. बॅनर नाही, सेशन नाही, काहीच त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात पुन्हा पीठ कुटणं सुरू झालं. आजींना पहिल्या घाण्याचे पापड पसंत पडले नव्हते.

मी दार लोटूनच बसले होते. धाडकन दार उघडलं.

"काहून वो कुंदा? माह्या घरी पापड, अन् तू दार लावून बसली? लाटणं कुठं हाये तुवं?"

"आजी, मले..."

"चाल!" म्हणत त्यांनी खिळ्याला टांगलेलं माझं पोळपाट-लाटणं काढलं, पदरानं धूळ पुसली, आणि माझं मनगट धरून मला अंगणात नेलं. नेऊन सगळ्यांच्या मधोमध बसवलं.

सगळी लाटणी थांबली. मायाचं तोंड उतरलं. मी मान वर न करता लाटायला लागले. हात विसरला नव्हता. दोन पापड झाले, तीन झाले.

तेवढ्यात रीना मला न्यायला आली. दुपारी कॉलेजात सेशन होतं. मला अंगणात बघून ती फाटकातच उभी राहिली.

आजींनी माझ्यासमोर हात पसरला. "दे वो एक लाटी. तुह्या हातानं तेलात बुडवून दे."

मी मायाकडे बघितलं. माया पटकन पुढे झाली. "आई, नोका खाऊ. मी सांगतलं ना, तिले..."

"सबन मालूम हाये मले," आजी म्हणाल्या. माझ्या बोटांतून लाटी घेतली, तोंडात टाकली आणि चघळता चघळता सगळ्या बायकांकडे बघितलं. "बाधित हाये ते. कालच सांगतलं ना तू? मंग? बाधा का लाटीनं लागते?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीनं लाटणं फिरवलं. दुसरीनं हळूच आपली लाटी माझ्या तेलाच्या वाटीत बुडवली.

रीना फाटकातून तरातरा पुढे आली. "नहीं आजी, बाधित का मतलब वो नहीं होता, एचआयव्ही एक..."

मी हातातली लाटी तिच्या तोंडात कोंबली.