कोरड्या ग्रहावरचं कारंजं

मी आज जो काही आहे, तो उदगीरच्या बसवराज अण्णांमुळे. घरातला पहिला पदवीधर मी. नांदेडच्या वसतिगृहात ते माझ्या पुढच्या वर्गात होते; मला इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही भूमिका घेऊन खेळायच्या विज्ञानकथेच्या खेळांच्या पुस्तकांतून.

आता लातूरला घरी बसून मी अशाच पुस्तकांतल्या विसंगती शोधतो. डोळे शिणतात. आज संपादक फोनवर म्हणाले, "कोरड्या ग्रहावर कारंजं आहे तर राहू द्या. कोण बघतं? पुस्तक आजच छापायला जायचंय." तेवढ्यात स्वयंपाकघरातून तांदळाच्या धुवणाचा वास आला.

वसतिगृहातली एक रात्र आठवली. अण्णांच्या कॉटवर खेळाचा नकाशा पसरलेला होता. मी रचलेल्या निर्जळ ग्रहाचं पान ते मोठ्यानं वाचत होते. मध्येच थांबले. "लेका, पाणी न्हाई म्हणलास, अन् तुझ्या गोष्टीतली बाई तांदळाचं धुवण फेकून द्यायलीय? तुझ्या मायनं फेकलं असतं का?" खोलीतली सगळी पोरं हसली. मला तेव्हा राग आला. थेंब थेंब पाणी जपणारी माझी आईसुद्धा त्या ग्रहावर राहू शकते, हे त्यांनी दाखवलं होतं, ते आज कळतं.

आज संध्याकाळी अण्णांना पत्र पाठवलं: "अण्णा, कारंजं काढल्याशिवाय पुस्तक पास करणार नाही, असं संपादकांना कळवलंय. पुढचं काम मिळेलसं वाटत नाही. लई थकलोय. पण त्या ग्रहावरच्या बायकांना पाणी दुरून आणावं लागतं."